जुळलं म्हणालो तो तारा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी बाजारात पापडी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. भाजीची पिशवी तिथेच विसरून मी पाणीगेटला श्रीधरच्या घरी पोहोचलो. त्याला आता सहा आठवडे झाले. कसा होता तुमचा दोस्त, असं लोक विचारतात. लाखात एक होता, असं मी सांगतो आणि विषय बदलतो. पुढचं तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात आम्ही दोघं गाड्यांची चाकं तपासायचो. आमची एक रीत होती. एकाच चाकाचं माप दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहून ती पालथी ठेवायची आणि चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आकडे जुळले तरच चाक पुढे जायचं. नाही जुळले की तावातावाने भांडायचो आणि पुन्हा मोजायचो. नोकरीभर आम्ही एकमेकांच्या चिठ्ठीत डोकावलो नाही.

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, हा ताऱ्यांच्या मागे लागला. गड्याकडे साधी दुर्बीणही नव्हती. जगभरातल्या मोठ्या दुर्बिणींनी मोजलेले ताऱ्यांचे वेग इंटरनेटवर सगळ्यांना खुले असतात. ते घेऊन हा दुपारी जेवणाच्या टेबलावर बसायचा. "विनू, हा बघ, मागेपुढे झोके खातोय," तो म्हणायचा. "बाजूला कोणीतरी आहे ने, दिसत नाही तो!" त्या झोक्यांवरून न दिसणाऱ्या जोडीदाराचं वजन काढता येतं. ते सूर्यापेक्षा बरंच जास्त भरलं आणि तरी उजेड नसला, तर तो न्यूट्रॉन तारा असू शकतो, म्हणजे मोठा तारा फुटून मेल्यावर उरलेला, शहराएवढा पण सूर्याहून जड गोळा. आपल्या जवळपास असे किती लपलेत कोणास ठाऊक. त्यातला एक तरी आपल्याला सापडावा, एवढीच त्याची इच्छा होती. दुसरी चिठ्ठी अर्थातच माझी. दोन्ही चिठ्ठ्या तो वहीत शेजारी शेजारी चिकटवायचा. कितीतरी तारे मोजले, पण एकही तेवढा जड भरला नाही.

मग त्याची फुफ्फुसं गेली. ऑक्सिजनची नळी लावूनही तो टेबल सोडेना. एका दुपारी मी माझी चिठ्ठी पालथी ठेवली आणि त्याला दम निघेना, त्याने स्वतःची आधीच उलटली. "दीड! दीड सूर्य, विनू!" त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या चिठ्ठीवर अर्धा होता. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते तो वेग काही मोजमापांतून आधीच वजा केलेला असतो, काहींत आपल्याला करावा लागतो. हे त्यानेच मला शिकवलं होतं आणि तोच विसरला होता. डॉक्टरांनी वहिनींना थोडेच दिवस सांगितले होते. मी चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि म्हणालो, "जुळलं." तो माझा हात धरून रडला. मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं...

तीन दिवसांनी त्याने हात पुढे केला, "तुझी चिठ्ठी आप ने, चिकटवायचीय."

"घरी राहिली."

"मग परत काढून बघूया?"

"कशाला? जुळलंय की."

त्याने वही मिटली आणि तो वहिनींना म्हणाला, "विनूला चहा दे." त्यानंतर महिनाभर मी रोज दुपारी जात होतो. तो क्रिकेटचं बोलायचा, जुन्या साहेबांच्या नकला करायचा. ताऱ्यांचं नाव काढलं नाही. थकला असेल, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटत होतं.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. "तुमच्याकडेच राहू द्या, मला काय समजणार यातलं?" त्या ताऱ्याच्या पानावर दीडचा आकडा खोडला होता. खाली थरथरत्या अक्षरात: 'पृथ्वीचा वेग वजा करायचा राहिला. माझी चूक. अर्धा.' तारीख बघितली. माझी चिठ्ठी मागितली, त्याच्या आदल्या दिवसाची.

मी पान उलटलं. त्यानंतर त्याने आणखी सात तारे मोजले होते. प्रत्येक पानावर डावीकडे त्याची चिठ्ठी होती आणि उजवी बाजू कोरी. त्या सातांपैकी एकही त्याने मला मोजायला दिला नव्हता.