टेस्टरकाका आणि आप्पांची फाइल

टेस्टरकाकांचा पेशंटवर विश्वास असे, नातेवाइकांवर मुळीच नसे. पेशंट म्हणजे कॉम्प्युटर. दारातूनच विचारायचे, "शेवटचा हात कोणाचा लागला?" "कोणाचाच नाही हो," असं कोणी म्हटलं की, "मग मांत्रिकाला बोलवा, मला कशाला बोलावलंत?" बुधवार पेठेत जिन्याखाली त्यांचं टीचभर दुकान होतं. शर्टाच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून हे नाव.

नवीन जे बसवलं असेल ते आधी काढायला लावत, तेही बसवणाऱ्याच्याच हातानं. "घालताना विचारलंत का मला? आता काढा."

एका दसऱ्याला ही वेळ माझ्यावर आली. जुनी हार्डडिस्क भरत आली होती, म्हणून मी स्वतःच शेजारी दुसरी बसवली. केबल काढल्या, घातल्या, बटण दाबलं. नवी दिसेना आणि जुनीही दिसेना! जुनीत आप्पांच्या आठवणी होत्या. आजारपणात वडील सांगत गेले, मी टाइप करत गेले. श्रावणात ते गेले. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती.

काका विश्रांतवाडीला घरी आले. त्यांच्यादेखत मी नवी डिस्क काढली. तरी जुनी दिसेना.

"गेलं हो सगळं," मी म्हटलं.

"गप्प बसा. अजून मी आत बघितलंय कुठं?" त्यांनी जुन्या डिस्कची केबल उपसली, भिंग लावलं आणि बघतच राहिले. "पूजा केलीत?"

"दसरा होता ना! केबल घालायच्या आधी दोन्ही डिस्कना हळदकुंकू वाहिलं."

"आणि अक्षता." त्यांनी चिमट्यानं पिनांमधून तांदळाचा लाल दाणा बाहेर काढला. "हा मधे अडकला, म्हणून केबल पुरती बसली नाही. देवाला चालतं, बाई. पिनांना चालत नाही."

ब्रशनं कुंकू झाडून त्यांनी केबल दाबून बसवली. बटण दाबलं. जुनी डिस्क दिसली, फाइल उघडली. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी ढसाढसा रडायलाच लागले.

"रडा नंतर. आधी प्रत काढा," काका करवादले.

मी डोळे पुसत फ्लॉपी घातली. प्रत निघत होती तोवर काकांनी चष्मा सरसावला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "माझा जन्म हडपसरचा. आई म्हणे, जन्मल्यावर मी रडलोच नाही, नुसता बघत बसलो." काका खुदकन हसले. आप्पा गेल्यापासून त्यांच्या बोलण्यावर आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं.