माझा हात, तिची परीक्षा

आमच्या अंबरनाथ पश्चिमच्या बिल्डिंगमधली ही पोरगी डॉक्टरकी शिकते. जिन्यात दिसलो की "आजोबा, हात!" म्हणून मनगट धरते आणि हाडं, स्नायू, नसा घोकत सुटते. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण पाढे कधी दुसऱ्याच्या अंगावर नाही म्हटले.

काल चिमटीत कागद धरायला लावला. तो निसटला. पोरगीने घोकणं थांबवून विचारलं,

"शर्टाची बटणं लागतात?"

"न लागायला काय झालं? कारखान्यात लेथ चालवलीय मी!"

"अंगठ्याची नस दबलीय, आजोबा. उद्या आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवू."

"मी काय तुमच्या कॉलेजातला सांगाडा आहे?"

आज सकाळी खाली रिक्षा थांबवून हाका मारत बसली. सगळी बिल्डिंग खिडकीत आली. शेवटी, महिनाभर घालतोय तसा, बटणं न सोडताच शर्ट डोक्यातून घातला आणि उतरलो.