उजव्या हाताचं बटण

सोपान गेला, पण त्याच्यासमोरचा राक्षस अजून माझ्या टेबलावर उभा आहे.

महिना झाला आज.

लाईट गेली की मी टेबलाकडे धावतो. पंखा बंद पडला म्हणून नाही, चार्जर बंद पडला म्हणून.

सांगतो. हसू नका.

सोपान माझा शाळेतला मित्र. सातवीत शाळा सोडली आणि जन्मभर मेंढरं राखली. म्हातारपणी किडन्या गेल्या. डायलिसिसला तेलगावहून बीडला एसटीने जायचो, तो पेशंट आणि मी सोबतीला.

मशीनचं त्याला काही नव्हतं. सुईची भीती. सुई टोचताना माझं मनगट असं आवळायचा की बोटांचे वळ उठायचे.

म्हणून त्याच्या लेकीने, रेखाने, पुण्याहून हातात धरायचा व्हिडिओ गेम आणून दिला. जपानी. रोल-प्लेइंग का काय म्हणतात तसला.

"बाबा, अख्खं जग वेडं झालंय याच्यासाठी."

गेमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कमेंटमध्ये तरुण मंडळी माझ्याशी भांडतील, कारण माझं मत तेव्हा फार वाईट होतं.

काय होतं त्यात? रंगीत केसांची पोरं. त्याच रानात हिंडायचं, तेच प्राणी मारायचे. आणि बोलणी तर संपता संपत नाहीत. एवढी हाईप कशाची?

"तुला न्हाई कळायचं बे," सोपान म्हणायचा. "तू वाच."

गेम इंग्रजीत. वाचून मराठीत सांगायचं काम माझं. मी शाळेतल्या कवितांनी बिघडलेला माणूस. राजकन्या रडली की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "सांज दाटली पापणीत..."

"कविता नको लावू, कवी. ती काय म्हणली ते सांग."

"भाऊ हरवलाय म्हणते."

"मग सरळ सांग की! सांज कावून आणली मधी?"

शेजारच्या बेडवरच्या मावशी सुई विसरून हसायच्या.

त्याचा डावा हात सुयांत अडकलेला असायचा. म्हणून डावीकडची कळ माझ्याकडे. मी पडद्यावरचा खुणेचा बाण फिरवायचा, कुठे थांबायचं ते त्याने सांगायचं, आणि उजवं बटण त्याने दाबायचं.

दोन म्हातारे मिळून एक खेळाडू.

असं जमायचं, कारण यातली लढाई पाळीपाळीने होते. आपण ठरवेपर्यंत समोरचा वार करत नाही. नुसता डोलत उभा राहतो.

सोपानला याचं लई अप्रूप. "बग की, एवढा मोटा राक्षस, पर थांबतो. सुई थांबती का?"

टीममधल्या चौघांना नावं आपण द्यायची. त्याने दिली. पहिला सोपान. दुसरी गया, त्याची गेलेली बायको. तिसरा मोत्या, त्याचा कुत्रा, इथे मात्र ढालवाला पैलवान. आणि जखमा बऱ्या करणारा एक सुकडा पोरगा होता, तो कवी.

"मला तलवार का नाही रे?"

"तू उंदराला भितो बे. तुला तलवार देऊन काय करू?"

खेळायचाही मेंढरं राखल्यासारखा. वार नंतर. आधी मागे कोण पडलंय ते बघायचं. "चौघं हायती ना?" प्रत्येक लढाईत विचारणार.

शेवटच्या राक्षसापाशी पोचलो त्या दिवशी गेममधला सोपान आडवा पडला. बाण कवीच्या डोक्यावर आला. माझी पाळी.

आणि इकडे खऱ्या सोपानचं बीपी उतरलं. नर्सबाई धावत आल्या. त्याचे ओठ पांढरे. मी गेम हातात धरून नुसता उभा.

"ऱ्हाऊ दे," माझं मनगट धरून तो म्हणाला. "तो थांबतो. घाई न्हाई."

मनगटावरची पकड तेव्हाच सुटली. दोन दिवसांनी तो गेला.

रेखा म्हणाली, "काका, गेम तुमच्याकडेच ठेवा. शेवट तुम्ही करा. पण चार्जिंग उतरलं तर ही लढाई जाईल हं. मागच्या सेव्हपासून पुन्हा खेळावी लागेल."

पुन्हा? सोपानच्या अंगठ्याने लढलेली लढाई पुन्हा कोण लढणार?

तेव्हापासून प्लग बघतो. झोपेतून उठतो, प्लग बघतो. स्क्रीन लावली की राक्षस डोलतोय, कवी उभा आहे आणि त्याच्या पायाशी सोपान पडलाय.

हरण्याची भीती नाही हो. उजवं बटण मी कधी दाबलेलंच नाही.

शाळेत कविता म्हणायची पाळी बाकाबाकाने पुढे सरकायची. मला सगळी पाठ. पण उभा राहिलो की पहिला शब्दच सापडायचा नाही. मग मागच्या बाकावरून सोपान पहिला शब्द फुंकायचा. त्याला धड वाचता येत नसे, पण ऐकून ऐकून पाठ झालेलं असायचं. पहिला शब्द मिळाला की मी सुटायचो.

महिनाभर मी मागच्या बाकाकडे कान लावून बसलोय.

आज त्याच्या घरी मासिक श्राद्धाचं जेवण झालं. परत आलो आणि गेम हातात घेतला. बाण दोनदा भलतीकडेच गेला. पडलेल्याला उठवणारं औषध एकच उरलं होतं. बाण सोपानवर नेला. डोळे गच्च मिटले.

दाबलं.

डोळे उघडले तर सोपान उभा. तलवारीसकट. शेजारी गया, पुढे मोत्या, मागे मी.

मग बाण त्याच्या डोक्यावर गेला.

आता पाळी त्याची. राक्षस थांबला.

हे बटण मी दाबणार नाही. त्याच्या वतीने ठरवायला मी कोण?

चार्जर मीच काढलाय, विझायचं तेव्हा विझू दे. हे लिहिताना गेम समोर आहे, बॅटरी लाल झाली आहे. मधूनमधून डावी कळ हलवतो, म्हणजे स्क्रीन झोपत नाही. भीती अजून आहेच. पण विझेल तेव्हा तो आडवा नसेल.

रेखा, तू विचारलं होतंस, काका, हाईप खरी का? गोष्ट बरी आहे. पाल्हाळ फार. पण महिनाभर एक राक्षस माझ्या मित्रासाठी थांबून राहिला. जगाने डोक्यावर घेतलाय, तर घेऊ दे.

सोपान, चौघं हायती. मोजली मी.

तुझी पाळी. घाई न्हाई.