डावीकडे पास नाही

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये मला पहिला पास मिळाला तो तिसऱ्या मॅचमध्ये, आणि तोही चुकून. आमच्या बॅकची किक फसली आणि बॉल घरंगळत माझ्यापाशी आला. त्याआधीच्या दोन मॅच मी डाव्या रेषेच्या कडेने नुसती वर-खाली धावत होते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्ही विरार पूर्वेला, फुलपाड्यात राहायचो आणि माझं कॉलेज वसईत होतं. शाळेत मी खो-खो खेळलेली. फुटबॉलला कधी पाय लावला नव्हता. स्पोर्ट्सच्या दिवशी मला धावताना बघून आमच्या क्रीडाशिक्षकांनी बोलावलं आणि आठवडाभरात लेफ्ट विंगला उभं केलं. त्या जागेवर आधी जी मुलगी खेळायची ती आमच्या कॅप्टनची चुलत बहीण होती, हे मला नंतर कळलं. सरांनी तिला बाकावर बसवलं होतं.

कॅप्टन कळंबची. ओहोटीला ओली वाळू घट्ट झाली की भावांबरोबर किनाऱ्यावर खेळत ती मोठी झालेली. तिच्यासारखी किक मारणारी मुलगी मी पाहिली नव्हती, आणि हे मी तेव्हा कोणाजवळही कबूल केलं नसतं. पहिल्या दिवशी मुलींच्या खोलीत मी बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"पळता येतं म्हनजे खेळता येतं असं नाय," ती म्हणाली.

"सरांना सांग ना मग," मी म्हटलं.

"सरांना कशाला? मैदानात मी असनार ना."

आणि ती होतीच. प्रॅक्टिसला रिंगण करून पास द्यायचे असले की बॉल सगळ्यांकडे फिरायचा, माझ्याकडे सोडून. मी हाका मारायचे. हात वर करायचे. कॅप्टनकडे बॉल आला की ती एकदा माझ्याकडे बघायची, मी मोकळी आहे याची खात्री करून घ्यायची आणि उजवीकडे मारायची. बाकीच्या मुलींना माझ्याशी काही वाकडं नव्हतं, पण कॅप्टनशी वाकडं घ्यायची कोणाची तयारी नव्हती. मीही काही गरीब गाय नव्हते. ती 'पानी' म्हणाली की मी मुद्दाम मोठ्याने 'पाणी' म्हणायचे.

सरांना वाटायचं, मला बॉल मागता येत नाही. "ओरडून माग," ते म्हणायचे. पहिली मॅच आम्ही जिंकलो, तेव्हा माझी जागा सोडली नाही म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. मला रडू येत होतं.

आई म्हणाली, "एवढा त्रास होतोय तर सोड की." मी सोडलं नाही. खेळाची आवड वगैरे तोवर काही उरली नव्हती. मी उठले असते तर बाकावरची ती चुलत बहीण उठून माझ्या जागी आली असती, एवढ्याच एका कारणाने मी टिकले.

तर तिसऱ्या मॅचमध्ये तो चुकार बॉल माझ्यापाशी आला आणि मी पळत सुटले. गोलसमोर कॅप्टन एकटी उभी होती. "दे, दे," ती ओरडत होती. मी दिला नाही. स्वतःच मारला आणि तो गोलपासून बराच लांबून गेला. मॅच आम्ही एका गोलने हरलो.

शिट्टी वाजल्यावर ती सरळ माझ्याकडे चालत आली.

"मी मोकळी होते."

"मी तीन मॅच मोकळी आहे."

तिने मला ढकललं. मी तिची जर्सी धरली आणि कॉलर टर्रकन फाटली. समोरच्या टीमच्या मुली हसत बघत होत्या. सरांनी आम्हाला बाजूला केलं आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळीच शिक्षा दिली: प्रॅक्टिस संपल्यावर दोघींनीच थांबायचं आणि एकमेकींना लांबून पास द्यायचे.

त्या पासांना पास म्हणायचं तर म्हणा. ती माझ्या नडग्यांवर नेम धरून मारायची. बॉल दगडासारखा यायचा. मी थांबवायला शिकले, कारण नाही थांबवला तर लागायचा. उलट मी बॉल कधी तिच्या पायावर दिला नाही, नेहमी चार पावलं पुढे मारायचे, म्हणजे तिला धावावं लागेल. ती शिव्या देत धावायची आणि गाठायची. माझ्या पायांवर निळे डाग असायचे आणि ती घामाने निथळलेली असायची. सर झाडाखाली चहा पीत बसायचे.

पुढची मॅच जिंकली तरच सेमीफायनल, अशी वेळ होती. संपत आली तरी गोल नव्हता. उजवी बाजू समोरच्यांनी पुरती अडवली होती. कॅप्टनने नाइलाजाने डावीकडे मारला, तसाच दगडासारखा. मी तो थांबवला, त्यांच्या बॅकला चुकवून पुढे गेले आणि मान वर न करता सवयीने तिच्या चार पावलं पुढे मारला. तिने गाठला आणि गोल केला.

सगळ्या तिच्याकडे धावल्या. ती बाकाकडे धावली आणि चुलत बहिणीच्या गळ्यात पडली. मी माझ्या जागी परत येऊन उभी राहिले.

सेमीफायनलमध्ये आम्हाला तीन गोल बसले. समोरची टीम आमच्यापेक्षा फार चांगली होती, त्यात कोणाचीच चूक नव्हती. तरी नळावर पाय धुताना ती म्हणालीच, "तू खाली आली असतीस तर दुसरा झाला नसता."

"तू बॉल वेळेवर सोडला असतास तर पहिला झाला नसता," मी म्हटलं.

कॅप्टनचं ते शेवटचं वर्ष होतं. गॅदरिंगला टीमला सर्टिफिकिटं मिळाली. कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर आईची वाट बघत असताना एक बाई जवळ आली. अंगावर हिरवी साडी, केसांत मोठा गजरा. मला निरखून म्हणाली, "तूच काय गं ती डावीकडची?"

"हो."

"आमच्या घरात रोज तुझंच चालू असतं."

मी काही बोलायच्या आत कॅप्टन आली. माझ्याकडे न बघता तिने आपल्या आईचा हात धरला आणि तिला गेटकडे घेऊन गेली. रोज काय चालू असतं, ते विचारायची मला गरज नव्हती. आमच्याही घरात वर्षभर तिचंच चालू होतं, आणि त्यात चांगलं एक अक्षर नव्हतं.