रीळमामांचा जपानी सिनेमा

रीळमामांना गप्प बसून सिनेमा दाखवता येत नसे. सरकारी प्रोजेक्टर घेऊन ते गावोगाव फिरत, आणि पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत हेच बोलू लागत. युरियाच्या माहितीपटातही त्यांनी एक खलनायक शोधून काढला होता. स्वतः मॅट्रिकला तीनदा आपटलेले. पण "मले माईत नाई" हे वाक्य त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हतं.

त्यांची दुसरी ख्याती रीळ तुटण्याची. गोष्ट ऐन रंगात आली की पडदा पांढरा. "मशीन बुढी झाली, मी नाई," असं म्हणून उरलेली गोष्ट मामा तोंडी सांगत. ती बहुधा सिनेमापेक्षा बरी असे.

मी दहावी पास झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या आंजीच्या शाळेत चित्रांचा एक जपानी सिनेमा आणला. रविवारची दुपार, खिडक्यांना तरटं लावलेली. कार्टून म्हटल्यावर सगळ्यांना उंदीर-मांजर हवं होतं. निघाली डोंगरातली एक पोरगी. भांडी घासते, चिखलात भात लावते, बापावर रुसते. शिकायला शहरात जायचंय तिला. मारामारी नाही, गाणं नाही.

"हे तं घरीच दिसते. पाहाले काऊन आलो?" मागून कोणीतरी विचारलंच.

मला मात्र रडू आवरेना. दहावीनंतर पुरे, असं मागे बसलेल्या माझ्या बाबांनी ठरवलं होतं.

जपानी भाषा मामांना आमच्या म्हशीइतकीच येत होती, तरी त्यांची गाडी कुठे अडली नाही. पडद्यावरची पोरगी बोचकं घेऊन आगगाडीत बसली, बाप फलाटावर उभा राहिला आणि रीळ तुटलं. मामा पडद्यापुढे आले. "मंग बाप म्हनते, जाय पोरी, शिक. वावर काई पयून नाई जात."

घरी आल्यावर बाबा सुपारी कातरायला बसले. मग म्हणाले, "जपान्याले जमते, तं मले काऊन नाई जमत?" आईच्या आणि हेडमास्तरांच्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते एका रंगवलेल्या बापाने करून दाखवलं. मी वर्ध्याला कॉलेजात गेले.

पुढे नागपूरला बी.एड. करताना तोच सिनेमा पुरा पाहिला. पोरगी पुढच्याच स्टेशनावर उतरते आणि चालत घरी परतते. भात लावायला.

सुट्टीत मी तडक बोरगाव मेघेला मामांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते, पण बोलण्यातून नव्हे.

"मामा, रीळ खरंच तुटलं होतं?"

"आदल्या दिवशी तळेगावले पुरा दाखवला होता. शेवट मले माईत होता, तुया बापाचा हट्टही हेडमास्तरानं सांगतला होता. अन् तू पुढे बसून रडून राह्यली होती, मांगं तुया बाप. मी मशीन पाहू का तुमाले पाहू?"

मी त्यांच्या पाया पडले. त्याच वर्षी मामा गेले, आणि मला माझाच माणूस गेल्यासारखं रडू आलं.

मी मास्तरीण झाले. परवा बाबांनी जेवताना विचारलं, "काऊन वं, त्या जपानी पोरीचं पुढे काय झालं असन?"

"मास्तरीण झाली," मी म्हटलं.

"होईनच," बाबा म्हणाले. "बाप चांगला होता तिचा."