डॉक्टरांनी गप्प केलेलं मशीन

माझे भाऊजी पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. गल्लीत त्यांना 'डॉक्टर' म्हणतात. सुरुवातीला लोक चेष्टेने म्हणायचे. भाऊजींनी ते मनावर घेतलं. त्यांची ख्याती एकच, कुरकुरणारं मशीन त्यांच्या दुकानातून गप्प होऊन बाहेर पडतं. ते चालतं की नाही हा पुढचा प्रश्न.

त्यांचं पाच महिन्यांचं बाळ जन्मल्यापासून हॉस्पिटलात होतं. फुप्फुसं इतकी कमजोर, की घरी आलं तरी नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन राहणारच. सोडण्याची अट साधी होती. घरातल्या दोघांनी मशीन सांभाळायला शिकायचं आणि नर्सने घरी येऊन सगळं तपासायचं. ताई आठवडाभर वॉर्डात रबरी बाहुलीच्या नाकाला नळी लावत बसली. भाऊजी एकदाच गेले. नर्स बटणं दाखवू लागताच हसले, मशीन आम्हाला शिकवता का म्हणाले, आणि कागदावर झोकात सही ठोकून परत आले. त्यांची आई मात्र रोज डबा घेऊन जायची आणि ताईच्या बाजूला उभी राहून नुसती बघायची.

बाळाच्या आधी मशीन घरी आलं. भाऊजींनी चालू केलं, तर ते ओरडायला लागलं. नळीला पीळ पडला होता, आणि अशा वेळी ओरडणं हेच त्याचं काम. पण आमच्या डॉक्टरांनी नळीकडे न बघता थेट मागचं झाकण उघडलं. दहा मिनिटांत मशीन गप्प. मग शेजाऱ्यांना बोलावून ती शांतता ऐकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. खोली, खिडकी, प्लग पाहिला, मशीन चालू केलं आणि नळी चिमटीत दाबून धरली. आम्ही सगळे उभे. काहीच वाजेना.

"अलार्म?" तिने विचारलं.

"काढून टाकला," भाऊजी शाबासकीच्या तयारीत म्हणाले. "बाळाची झोपमोड नको."

नर्सने नळी सोडली नाही. या टोकाला बाळ असतं तर आतापर्यंत किती सेकंद झाले असते ते मोजा, म्हणाली. मोजायचं सोडून भाऊजी कुठली वायर तोडली ते समजावू लागले. तिने भाऊजींच्या सहीच्या कागदावर काट मारली. बाळ उद्या यायचं होतं. आता नवं मशीन येईपर्यंत, म्हणजे निदान चार दिवस, वॉर्डातच.

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, या लोकांना कारागिराची कदरच नाही. नर्स निघताना ताईने तिच्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला होता. सासूबाईंना तिने जमेल का विचारलं. सासूबाईंनी नळी हातात घेतली, पीळ सोडवला, टोक गालाजवळ धरून हवा येते का ते पाहिलं. ताईने दुसऱ्या माणसाच्या जागी त्यांचं नाव लिहिलं.

"आणि मी काय करायचं?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही झोपा," ताई म्हणाली. "तुमचीही झोपमोड नको."