आंबिवलीवर घिरट्या

या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? आजवर निव्वळ करमणूक म्हणूनच वाचत आले. ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून नोकरी झाली माझी. साक्षीदार ‘मला वाटतं’ म्हणाला की वकील तिथेच अडवायचे — वाटतं ते नको, पाहिलंत ते सांगा. ती सवय अंगात मुरली आहे. म्हणून इथेही पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते. अर्थ लावायला जाऊ नका... मी लावून थकले आहे.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला राहतो. मी आणि हे. यांचं सगळं आयुष्य मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गेलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं, मग जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी बजावलं, यांना एकटं सोडायचं नाही. झालं, मीही घरात अडकले.

आमचा मुलगा अनिकेत बंगळुरूला असतो. त्याचा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि विमान उडवायच्या खेळाची ती जॉयस्टिक इथेच राहिली होती. माझी चिडचिड बघून त्यानेच व्हिडिओ कॉलवर मला शिकवलं. हसू नका, साठी उलटल्यावर मी विमान उडवायला लागले! छोटं, एका इंजिनाचं. हे दुपारी झोपले की मी मुंबईहून उडायचे आणि नाशिकला उतरायचे. पुरेसं वर गेलं की ऑटोपायलट लावायचा. मग विमान आपलं आपण सरळ जातं आणि मला निवांत चहा पिता येतो.

त्या दिवशीही यांना झोपवून मी बसले होते. ठाण्याची खाडी मागे पडली, भिवंडी जवळ आली, आणि एकदम टूं-टूं-टूं असा आवाज झाला. ऑटोपायलट सुटला होता. विमान उजवीकडे कललं आणि वळायला लागलं. वाटलं, माझंच कोपर जॉयस्टिकला लागलं असेल. मी सरळ केलं, पुन्हा ऑटोपायलट लावला. थोडा वेळ गेला नाही तर परत टूं-टूं. परत उजवीकडे.

मी अनिकेतला कॉल लावला.

“आई, जॉयस्टिक जुनी झालीय,” तो म्हणाला. “हात न लावताही ती जरा हलल्यासारखी होते. मग त्याला वाटतं पायलटने कंट्रोल घेतला, म्हणून ऑटोपायलट सुटतो. वायर काढून टाक, माउसने लाव.”

मी वायर काढली. ती माझ्या मांडीवर होती, हे मी शपथेवर सांगेन. माउसने बटण दाबलं, दिवा लागला. आणि परत आवाज. परत उजवीकडे, कल्याणच्या दिशेने.

“काढलीस ना नक्की?”

“अरे, ही बघ!” मी वायर कॅमेऱ्यासमोर धरली.

तो म्हणाला, “अजब आहे. फोन फिरव, स्क्रीन नीट दाखव.”

मी उठून फोन फिरवला, तेव्हा मागे दारातून आतली खोली दिसली. पलंग रिकामा होता.

आधी वाटलं, बाथरूममध्ये असतील. नव्हते. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. समोरच्या रेखाने डबा परत द्यायला बेल वाजवली होती, तिच्यामागे वरची कडी मी लावलीच नव्हती. यांच्या चपला जागेवर नव्हत्या.

मी जिने कशी उतरले मला आठवत नाही. गेटवर वॉचमन नव्हता. रेखा धावत आली, तिला म्हटलं, “तू घरी थांब, ते परत आले तर कोणीतरी हवं.” रिक्षा करून मी आधी त्यांच्या कारखान्याच्या गेटवर गेले, कारण एकदा असेच ते ड्युटीला म्हणून निघाले होते. तिथे नाहीत. चौकातल्या दुकानांत विचारलं. नाही. मग पोलीस चौकी गाठली. हवालदार वर्णन लिहून घेत होता, रंग, उंची, कपडे... आणि मला यांनी शर्ट कुठला घातलाय तेच आठवेना.

तेवढ्यात रेखाचा फोन. मी घाबरून उचलला.

“आले का गं?”

“नाही काकू. ते... तुमचं विमान चालूच आहे, मध्येच वाजतंय. बंद कसं करू?”

मी तिच्यावर ओरडले. “अगं, माझा माणूस हरवलाय आणि तुला विमानाचं काय पडलंय!”

“तसं नाही हो काकू. किती वेळ बघतेय, एकाच जागी गोल गोल घिरट्या घालतंय. बाजूच्या स्क्रीनवर नकाशा आहे ना, त्यात आंबिवली लिहिलंय. शहाडच्या पुढे नदीवर रेल्वेचा पूल दिसतो, बरोबर त्याच्यावर. मला कसंतरीच होतंय बघून.”

मी फोन ठेवला. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही, पण हवालदाराला म्हटलं, “आंबिवलीलाही कळवा.”

“तिकडे कोण नातेवाईक आहे का, मॅडम?”

“आहे,” मी म्हणाले. आमचं आंबिवलीत कोणी नाही. नव्हतंही कधी.

त्याने डोंबिवली आणि कल्याण स्टेशनला फोन लावायला घेतला. मी मात्र बाहेर येऊन रिक्षावाल्याला आंबिवलीला चल म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे बघून लगेच निघाला. कल्याणच्या पत्रीपुलावर गाड्या तुंबलेल्या. मी रेखाला सारखी विचारत होते, “अजून तिथेच?”

“तिथेच काकू.”

डोक्यात एकच — मी करतेय काय? नवरा डोंबिवलीतच कुठेतरी बसला असेल आणि मी एका खेळण्याच्या मागे कल्याण ओलांडून चाललेय. दोनदा रिक्षा वळवायला सांगणार होते. दोन्ही वेळा पुन्हा रेखालाच विचारलं.

शहाड सोडलं, नदी ओलांडली. मग रिक्षावाल्याने विचारत विचारत रेल्वेच्या पुलाच्या बाजूला कच्च्या रस्त्याने आणून सोडलं. ऊन उतरायला लागलं होतं. खाली काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांच्यातली एक दगडावर बसली होती आणि तिने एका माणसाचं मनगट घट्ट धरलं होतं. हेच होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, पाय अनवाणी.

“तुमचा मानूस हाय का गो?” ती म्हणाली. “सारखा पान्यात उतरत होता. दोनदा वडून काढला. आता सोडीतच नाय मी.”

मी त्यांच्यासमोर बसून रडायलाच लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “अगं, किती उशीर केलास. पलीकडे जायचं होतं ना आपल्याला?”

पलीकडे कुठे, ते त्यांना सांगता आलं नाही. नंतरही कधी सांगता आलं नाही.

त्या बाईचे हात धरून काय काय बोलले ठाऊक नाही. यांना रिक्षात बसवलं आणि रेखाला कळवायला फोन लावला. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, “काकू, आत्ताच सरळ झालं विमान. वाजायचंही थांबलंय. कुठेतरी पुढे चाललंय ते.”

मी म्हटलं, “मेन स्विच बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

अनिकेत दुसऱ्याच दिवशी विमानाने घरी आला. त्याने सगळं तपासलं. म्हणाला, विमान एका बाजूला थोडं जड असेल तर ऑटोपायलट सुटल्यावर ते तिकडे कलून गोल फिरत राहतं, त्यात नवल नाही. मी म्हटलं, बरं, पण तिथेच का? आणि परत सरळ कसं झालं? तो म्हणाला, वाऱ्याने सरकत जायला हवं होतं खरं... आणि मग नखं कुरतडत बसला. त्याच्या दोन मित्रांनीही बघितलं, त्यांच्या विमानांच्या ग्रुपवर विचारलं. सगळ्यांची उत्तरं जॉयस्टिकवर येऊन थांबतात. तिची वायर तर काढून माझ्या मांडीवर होती.

यांच्या लहान भावालाही मी विचारलं. आंबिवलीशी त्यांचा कसलाच संबंध नाही. ते तिथवर कसे पोचले, गाडीत कोणी बसवलं, काही कळलं नाही.

आता दाराला आतून कुलूप असतं. यांच्या गळ्यात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड असतं. मी अजूनही उडवते, पण सगळं हातानेच. अनिकेतने नवी जॉयस्टिक पाठवलीय. परवा तो म्हणाला, “आई, किती दिवस घाबरणार? एकदा लावून बघ ना ऑटोपायलट.”

मी बटणापर्यंत माउस नेला. मग उठले, आत जाऊन यांना बघून आले. गाढ झोपले होते. अनिकेतला म्हटलं, तू कुठे आहेस? म्हणाला, घरीच. तरीही माझं बोट खाली जाईना. आपली सगळी माणसं जागच्या जागी आहेत, आणि तरी ऑटोपायलट सुटला तर? मग ते विमान कोणाकडे वळेल?

मी कॉम्प्युटर बंद केला.